आखाड्यावरचं वायफाय आणि वाढता ऊस

गाय व्यायला आली की आण्णांचा डोळा लागत नाही. आमचं गाव पाथरी तालुक्यातलं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या भिजवणीतलं. घर गावाच्या कडेला, आखाडा, म्हणजे रानातला जनावरांचा गोठा, तिथून सरळ रेषेत ४०० मीटरवर, आणि मध्ये आमचाच ऊस. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. सत्तरी गाठलेली, गुडघे धरलेले. रात्रीतून तीनदा बॅटरी घेऊन बांधावरून जायचं त्यांना आता झेपत नाही, आणि पावसाळ्यात बांधावर जनावराची भीती वेगळीच. म्हणून मे महिन्यात गोठ्यात कॅमेरा लावायचं ठरलं. आखाड्यावर मोबाइलची एखादीच कांडी येते; घरात मात्र फायबरचं कनेक्शन आहे. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की घरातलं वायफाय ४०० मीटर पलीकडं न्यायचं कसं?

‘मोठ्या अँटेनाचं राउटर आणा’ हा सल्ला पहिल्याच दिवशी चौघांनी दिला. तो चुकीचा का आहे, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आमचं घर माळवदाचं. दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही, पण वायफायच्या लहरींसाठी ते अवघड. विटेच्या पातळ भिंतीतून लहर थोडी अशक्त होऊन का होईना, बाहेर पडते. एवढ्या रुंद मातीत, त्यातही पावसानं ओल धरलेल्या मातीत, ती जिरून जाते. पाण्याचे रेणू लहरीबरोबर इकडून तिकडं वळत राहतात आणि लहरीची ऊर्जा त्यांच्यात उष्णता होऊन संपते. मायक्रोवेव्ह ओव्हन ह्याच गुणावर आणि २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायच्या शेजारच्याच लहरींवर चालतो. तिकडं आखाड्याला चारही बाजूंनी पत्रा. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन लहरीला आतच येऊ देत नाहीत, बाहेरच्या बाहेर परतवतात. म्हणजे निघतानाही अडथळा आणि पोहोचतानाही.

आणि मध्ये अंतर. अंतर दुप्पट झालं की सिग्नल निम्मा होत नाही, चौथाई होतो, कारण लहर फुग्यासारखी चहूकडं पसरत जाते. दहा मीटरवर जेवढा सिग्नल मिळतो, त्याचा ४०० मीटरवर फक्त १६०० वा भाग उरतो. बरं, वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं. राउटर कितीही जोरात ओरडलं, तरी आखाड्यावरच्या इवल्याशा कॅमेऱ्याचं उत्तर घरापर्यंत ऐकू आलं पाहिजे. एकाच बाजूचा आवाज वाढवून काही साधत नाही. रिपीटरचंही तेच: तो बहुधा एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा सांगतो, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो, शिवाय रानात मधोमध त्याला लाईट कुठून द्यायची?

ह्यावरचा उपाय म्हणजे दोन्ही टोकांना एकमेकांकडं तोंड करून बसवलेले दिशादर्शी डबे, म्हणजे चहूकडं न पसरवता समोरच्याच दिशेला लहर सोडणारे अँटेनासकट रेडिओ. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी वाढत नाही, पण धार लांब जाते. दिशादर्शी अँटेना तेच करते. आमच्या प्रत्येक डब्याच्या अँटेनाची धार १३ डेसिबलची (डेसिबल हे पटीचं माप, दर दहाला दहापट), म्हणजे समोरच्या दिशेला वीसपट. पाठवणाऱ्याची वीसपट आणि ऐकणाऱ्याचीही वीसपट, मिळून ४०० पट फायदा, आणि तो जाताना-येताना दोन्हीकडं सारखा. एक डबा माळवदावर पाइपाला, घरातल्या राउटरला वायरनं जोडलेला. दुसरा आखाड्याच्या आढ्यावर, तिथून वायर आत छोट्या राउटरला. भिंतही टळली, पत्राही टळला. डबे ५ गिगाहर्ट्झवर चालणारे. ह्या पट्ट्याचा मोठा भाग केंद्र सरकारनं २०१८ मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त केला आहे. ताकदीची मर्यादा मात्र पाळावी लागते.

कागदावर हिशोब केला. डबा १०० मिलिवॅट ताकद सोडतो, म्हणजे २० डीबीएम; डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल, उणे आकडा म्हणजे मिलिवॅटहून कमी. दोन्ही अँटेना मिळून २६ मिळवले. मोकळ्या हवेत ४०० मीटरला सुमारे ९९ डेसिबल जातात. उरले उणे ५३. प्रत्यक्षात उणे ५७ दिसलं. उणे ५७ डीबीएम म्हणजे एका वॅटचा ५० कोटीवा भाग, आणि एवढ्याशा सिग्नलवर चित्र लख्ख चालतं! मला ह्याचं अजूनही नवल वाटतं. आण्णा बाजेवर पडून फोनमध्ये गाय रवंथ करताना बघायचे.

मग दिवाळी आली. मी पुण्याहून घरी गेलो तर आण्णांनी दारातच सांगितलं, “आरं, त्ये गाईचं चित्र अडकून बसायलंय. जूनमधी तर बेस चालत होतं.”

माळवदावर चढलो. आकडा उणे ७४. शिवाय वारं सुटलं की तीन-चारनं खालीवर. सतरा डेसिबल गेले म्हणजे सिग्नल पन्नासपटीनं घटला. डबा हलला नव्हता, वायर शाबूत होती. समोर पाहिलं तर उसाच्या शेंड्यांवरून आखाड्यावरचा पांढरा डबा दिसत होता. आण्णाही वर आले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाले, “दिसतंय की सरळ. मंग अडायलंय कुठं?”

ह्या प्रश्नाचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरनं देऊन ठेवलं आहे. ऑगस्टीन फ्रेनेल हा फ्रान्सच्या सरकारी नोकरीत रस्त्यांची कामं बघायचा आणि सवडीनं प्रकाशाचा अभ्यास करायचा. प्रकाश म्हणजे लहर, असं मांडणारा त्याचा निबंध १८१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत गेला. परीक्षकांपैकी प्वासाँ ह्या गणितीला ते मान्य नव्हतं. त्यानं फ्रेनेलचंच गणित पुढं नेऊन दाखवलं, की असं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यावर उजेडाचा ठिपका पडायला हवा, आणि हे तर अशक्य. अरागो ह्या दुसऱ्या परीक्षकानं प्रयोग करून पाहिला. ठिपका होता.

लहर एका दोरीसारख्या रेषेत जात नाही, हे ह्या ठिपक्यानं दाखवलं. ती रेषेच्या आजूबाजूनंही जाते, आणि आडवळणानं आलेला भाग सरळ आलेल्या भागात मिसळतो. आता आमचं रान घ्या. माळवदावरून निघालेली लहर सरळ न जाता मध्यावर २.३ मीटर बाजूनं वळून आखाड्यावर गेली, तर ४०० मीटरच्या प्रवासात तिला जास्त किती चालावं लागेल? फक्त २.७ सेंटिमीटर. आमच्या लहरीची लांबी आहे साधारण ५.५ सेंटिमीटर. म्हणजे हा फरक बरोबर अर्ध्या लहरीचा. ह्याच्या आतून आलेला सगळा भाग सरळ लहरीला हातभार लावतो. हा जो हवेतला आकार तयार होतो, त्याला फ्रेनेलचा पहिला पट्टा म्हणतात. दिसायला तो वाळकासारखा: दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर. आमचं वाळूक ४०० मीटर लांब आणि मध्यावर पावणेपाच मीटर जाड होतं. डोळ्याला लागणाऱ्या उजेडाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते, म्हणून नजरेचं वाळूक दोरीइतकं बारीक. त्यामुळं आण्णांना डबा दिसत होता आणि तरी सिग्नल अडत होता.

व्यवहारात रेषेभोवती ह्या जाडीचा निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. माळवदावरचा डबा जमिनीपासून ६ मीटर, आखाड्यावरचा साडेतीन. मध्यावर रेषा पावणेपाच मीटरवर. साठ टक्क्यांच्या हिशोबानं ३.३ मीटरच्या वर काही यायला नको होतं. मे महिन्यात ऊस कमरेला होता. दिवाळीत शेंड्यांसकट पावणेचार मीटर. आखाड्याजवळ तर शेंडे रेषेलाच टेकलेले, आणि उसाचं पान म्हणजे पाण्यानं भरलेलं, वाऱ्यावर डोलणारं. लिंक बसवताना आम्ही बसवण्याच्या दिवशीचं रान पाहिलं, दिवाळीचं पाहिलं नाही. तुरीनं एवढं बिघडलं नसतं, ती माणसाच्या उंचीच्या आसपास थांबते. उसानं बिघडलं.

खात्री जानेवारीत झाली. तोडणीची टोळी पहाटेच आली होती. मी आखाड्यावर फोन हातात धरून बसलो, आकडा समोर. कोयत्याचे सपासप आवाज, मोळ्या पडत होत्या. नऊच्या सुमाराला उणे ७२. दुपारी आखाड्याजवळचा पट्टा झाला तेव्हा उणे ६४. सूर्य कलला, शेवटच्या सऱ्या आडव्या झाल्या आणि आकडा उणे ५७ वर येऊन थांबला. टोळीतलं एक लेकरू कितीतरी वेळ माझ्या खांद्यावरून तो आकडा बघत होतं.

उपाय सोपा होता: आखाड्याचा डबाही ६ मीटरवर न्यायचा. पण काळ्या मातीत खांब रोवणं सोपं नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरवर रोवलेला खांब वर्षाभरात कलतो. आमच्या डब्याची धार रुंद असल्यानं चार-पाच अंशांचा कल चालून जातो, पण लांब पल्ल्याची मोठी डिश तेवढ्यानं तोंड फिरवून बसते. आम्ही मुरूम लागेपर्यंत खोदलं, तळाला काँक्रीट केलं आणि खांबाला तीन बाजूंनी तारेचे ताण दिले.

मोकळ्या रानातला उंच लोखंडी खांब म्हणजे विजेला आमंत्रण, हे मी फार गांभीर्यानं सांगतो. मराठवाड्यात मृगाआधीच्या वळवात आणि परतीच्या पावसात माणसं आणि जनावरं वीज पडून दगावतात. खांब गोठ्याला चिकटून नको. त्याला स्वतंत्र अर्थिंग हवी, वायरच्या दोन्ही टोकांना विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर हवा, आणि आभाळ गडगडायला लागलं की खांबाजवळ कुणीही जायचं नाही.

तांब्याची वायरच पुरून का नेली नाही, असं बरेच जण विचारतात. नेटची तांब्याची वायर १०० मीटरपर्यंतच भरवशाची, आणि दोन इमारती तांब्यानं जोडल्या की विजेचा झटका एकीकडून दुसरीकडं पोहोचतो. काचेचा फायबर मात्र खरोखर उत्तम. हवेत आमचे ९९ डेसिबल जातात, तर ४०० मीटर फायबरमध्ये जोडांसकट एखादाच, आणि काचेतून वीज वाहत नाही. बांध स्वतःचा असेल आणि तीन फूट चर खणायची तयारी असेल, तर मी फायबरच सुचवीन. आमच्या वाटेत दुसऱ्याचा बांध आणि दरसाली फिरणारा रोटाव्हेटर, म्हणून हवेतून गेलो.

लाईटचं म्हणाल तर शेतीपंपाची लाईट पाळीवर येते. डबा, राउटर आणि कॅमेरा मिळून पंधरा वॅट खातात, म्हणजे दिवसाला ३६० वॅट-तास. १५० वॅटचं सोलर पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी त्यांना रात्रभर पुरते.

तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा पुन्हा वाढला. पोळ्याला आकडा उणे ५७, दसऱ्याला उणे ५८. कोजागिरीनंतरच्या रात्री अडीचला आण्णांनी मला हाक मारली. फोनमध्ये गाय उठबस करत होती. त्या रात्री ते बांधावरून एकदाच गेले आणि पहाटे परतले ते कालवड झाल्याचं सांगतच.