एबीसीचं सीएबी झालं, मग श्वासाचं काय?

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणं आणि त्याला श्वास देणं, शिकवताना अजूनही हमखास कुणीतरी विचारतंच, आता तोंडाने श्वास द्यायचा नसतो ना? हा गोंधळ मुख्यतः अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१० च्या गाइडलाइनपासूनचा.

मागचं थोडक्यात. आधी माणसाला पालथं घालून पाठ दाबायची, हात वर ओढायचे, असले प्रकार होते. १९५० च्या दशकात धडधाकट स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने लुळे करून तपासलं तेव्हा कळलं की मान मागे करून, हनुवटी उचलून तोंडाने फुंकलेली हवा कितीतरी जास्त आत जाते. १९६० ला छाती दाबणं आलं, दोन्ही जोडलं आणि एबीसी क्रम पक्का झाला, आधी श्वासमार्ग (ए, एअरवे), मग श्वास (बी, ब्रीदिंग), मग रक्ताभिसरण, म्हणजे छाती दाबणं (सी, सर्क्युलेशन).

२०१० ला तोच बदलून सीएबी केला, म्हणजे छाती दाबणं पहिलं. कारण साधं होतं, मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं की रक्तात आणि फुप्फुसात काही मिनिटांपुरता ऑक्सिजन असतोच, तो मेंदूपर्यंत ढकलणारं कुणी नसतं, आणि आपण मान मागे करा, मास्क शोधा, तोंडाला तोंड लावायचं की नाही यात वेळ घालवतो, बरेच जण तर त्या भीतीने हातच लावत नाहीत. युरोपवाल्यांनी मोठ्यांसाठी सुरुवातीचे दोन श्वास २००५ लाच काढले होते. माझ्या मते निर्णय बरोबरच होता, पण सांगताना घोळ झाला. बी शेवटी गेला म्हणजे रद्द झाला असं लोकांनी धरलं. मुलांच्या बाबतीत तर आजही एकमत नाही, कारण त्यांचं हृदय बहुतेक वेळा श्वास थांबल्यामुळेच बंद पडतं, अमेरिकेने त्यांनाही सीएबी लावलं आणि युरोपने आधी पाच श्वास कायम ठेवले.

ॲम्ब्युलन्समध्ये आणि दवाखान्यात उलटाच प्रॉब्लेम, तिथे श्वास जास्त दिले जातात. २००४ च्या एका अभ्यासात ॲम्ब्युलन्सवरचे ट्रेनिंग झालेले लोक मिनिटाला सरासरी ३० वेळा श्वास देण्याची बॅग दाबत होते, आता श्वासनलिकेत नळी टाकल्यावर सहा सेकंदाला एक श्वास सांगतात. जास्त दाबलं की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्तच कमी होतं. नळीचा हट्टही कमी झालाय, २०१८ च्या दोन मोठ्या चाचण्यांत घशात बसवायची साधी साधनं नळीपेक्षा कमी पडली नाहीत.

भारतात २०१७ पासून सामान्य लोकांना फक्त छाती दाबायला शिकवतात, गर्दीत कोसळलेल्या माणसासाठी ते ठीकच आहे. पण आपल्याकडे विहिरीत, शेततळ्यात बुडालेलं पोरही असतं, त्याच्या रक्तातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो, आणि बुडालेल्यांना श्वास आधी हे २०१० च्या त्याच गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय. ती ओळ मराठी पोस्टरवर मला अजून दिसलेली नाही.