अणूचं आयुष्य मोजताना: एका अतिनील मोजमापाची पार्श्वभूमी

परवा आमच्या ठाण्याच्या घरी वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसिंगला मुलगा आला होता. स्टीलच्या नळकांड्यातून काचेची बारीक ट्यूब काढत म्हणाला, "काका, हिचं आयुष्य संपलं. नवी टाकतो." नवी ट्यूब क्षणभर पेटवून पाहिली तेव्हा फटीतून फिकट निळा उजेड दिसला. "तिकडं बघू नका," तो म्हणाला, आणि अगदी बरोबर म्हणाला. निळा उजेड नुसता सोबतीला असतो. जंतू मारणारा प्रकाश २५३.७ नॅनोमीटरचा, अतिनील, न दिसणारा आणि डोळ्यांना घातक.

ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेतून हा प्रकाश येतो. तो देणाऱ्या पाऱ्याच्या अणूलाही आयुष्य आहे, साधारण १२० नॅनोसेकंदांचं. ऊर्जा मिळून वरच्या पातळीवर गेलेला, म्हणजे उत्तेजित, अणू सरासरी इतकाच वेळ तिथं टिकतो आणि प्रकाशकण सोडून खाली येतो. सेकंदाचे ऐंशी लाखांवर तुकडे केले, तर त्यातला एक. हे मोजायचं कसं?

आइनस्टाइननं १९१६ साली मांडलं की असा अणू आपणहून खाली येण्याची शक्यता दर क्षणी सारखीच असते. अणू म्हातारा होत नाही. पुष्कळ अणू एकदम उत्तेजित केले, तर त्यांचा उजेड ठरावीक वेगानं मावळत जातो आणि त्या मावळण्यातच आयुर्मान दडलेलं असतं. विल्हेल्म वीन या भौतिकशास्त्रज्ञानं १९१९ मध्ये ते पकडलं. वेगानं धावणारे चमकते अणू त्यानं बारीक फटीतून निर्वात जागेत सोडले आणि उजेड किती अंतरावर मंदावतो ते पाहिलं. वेग माहीत, अंतर माहीत, म्हणजे वेळ आपोआप मिळाली. घड्याळाच्या जागी फूटपट्टी! मला आजही या युक्तीचं अप्रूप वाटतं.

पाऱ्याच्या अतिनील रेषेसाठी (अणूच्या प्रकाशातल्या एका ठरावीक तरंगलांबीला रेषा म्हणतात) हान्ले या भौतिकशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये निराळी वाट काढली. चुंबकीय क्षेत्रात उत्तेजित अणू भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींची एकाच दिशेतली थरथर, विस्कटतं. किती क्षीण क्षेत्रानं ते विस्कटतं, यावरून अणू किती वेळ टिकला ते कळतं. यासाठी पृथ्वीच्या चुंबकत्वाएवढं क्षेत्रही पुष्कळ होतं.

पण नुसती ट्यूब विझवून उजेड किती टिकतो हे मोजलं, तर उत्तर चुकतं. एका अणूनं सोडलेला २५३.७ चा कण शेजारचा अणू गिळतो, पुन्हा सोडतो, तो तिसरा गिळतो. प्रकाश वाफेतच अडकून पडतो आणि आयुष्य आहे त्याहून कितीतरी लांब भासतं. या विषयाचा सगळा इतिहास अशी भेसळ ओळखून बाजूला काढण्याचाच आहे.

१९६३ च्या सुमारास के आणि बॅश्किन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी वीनच्या फूटपट्टीला कणांना प्रचंड वेग देणारं त्वरणयंत्र जोडलं. त्यांनी वेगवान आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यातून पार केले. पापुद्र्यातून बाहेर पडणारा आयन उत्तेजित असतो आणि तोच क्षण म्हणजे शून्य वेळ. सेकंदाला ५,००० किलोमीटर वेग असेल, तर एक नॅनोसेकंद म्हणजे ५ मिलिमीटर. अनेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनांच्या मुख्य रेषा बहुधा २०० नॅनोमीटरच्या खाली पडतात. तिथं हवाच प्रकाश शोषते, म्हणून वर्णपटमापकही निर्वातात ठेवावा लागतो. इथली भेसळ वेगळी होती. आणखी वरच्या पातळ्यांवरून अणू घरंगळत येत राहतात आणि मोजत असलेली पातळी पुन्हा पुन्हा भरतात.

तरीही या पद्धतीनं मोठं काम केलं. १९६० च्या दशकात सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरचं लोह उल्कांच्या आणि सूर्याच्या प्रभामंडळाच्या मानानं सुमारे दहापट कमी दिसत होतं. खरी चूक प्रयोगशाळेतल्या तक्त्यांत होती. लोहाच्या रेषांची ताकदच चुकीची धरली होती. ती ताकद आयुर्मानावरून काढता येते. १९६९ मध्ये लोहाच्या अणूची आयुर्मानं नव्यानं मोजली गेली आणि सूर्यातल्या लोहाचा आकडा वर सरकला. इथं नॅनोसेकंदात चूक झाली, तर तिथं ताऱ्याची घडण चुकते.

पुढे हवी ती तरंगलांबी देणारे लेसर आले. हवी तीच पातळी भरायची, वरच्या तशाच रिकाम्या ठेवायच्या, म्हणजे घरंगळण्याचा प्रश्नच मिटला.

उरले ते दीर्घायुषी. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची १९०.९ नॅनोमीटरची रेषा देणारी पातळी सुमारे ८ मिलिसेकंद टिकते. सेकंदाला ५,००० किलोमीटरच्या त्याच वेगानं आयन तेवढ्यात ४० किलोमीटर जाईल. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ते अंतरसुद्धा ३४ किलोमीटर! इतकी लांब फूटपट्टी आणणार कुठून? म्हणून आयनाला पळवण्याऐवजी विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात अडकवून ठेवतात.

अशाच सापळ्यात २००७ मध्ये ॲल्युमिनियमच्या एकट्या आयनात २६७ नॅनोमीटरची अतिनील रेषा देणाऱ्या पातळीचं आयुष्य मोजलं गेलं. शेजारी बेरिलियमचा एक आयन ठेवला होता. लेसरनं त्यालाच विचारायचं, ॲल्युमिनियम अजून वर आहे का? सरासरी उत्तर आलं २०.६ सेकंद. प्युरिफायरखाली धरलेला तांब्या भरेपर्यंत तो आयन वरच थांबलेला असतो.