अनोळखी डोक्याच्या स्क्रूसाठी बिट निवडताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, जळगाव)

‘एक स्टार द्या’ अशी मागणी आमच्या काउंटरवर रोज येते आणि रोज आम्हाला उलट विचारावे लागते की, नेमका कोणता स्टार. आपल्याकडच्या बाजारात चार पाकळ्यांच्या फुलीलाही स्टार म्हणतात आणि सहा टोकांच्या चांदणीलाही स्टारच म्हणतात; त्यामुळे रावेर किंवा चोपड्याहून एसटीने आलेला ग्राहक कधीकधी नको तो बिट, म्हणजे स्क्रू फिरवण्याचे बदलते टोक, घेऊन जातो आणि घरी गेल्यावर तो बिट जवळपास बसतो म्हणून जोर लावून पाहतो. खरे नुकसान या ‘जवळपास बसण्यानेच’ होते. अजिबात न बसणारा बिट निरुपद्रवी असतो, कारण तो फिरवताच येत नाही. पण किंचित सैल बसणारा बिट दोन फेऱ्यांत स्क्रूचे तोंड गुळगुळीत करून टाकतो.

सर्वाधिक घोटाळा साध्या दिसणाऱ्या फुलीत आहे. आपण जिला सरसकट प्लस म्हणतो, ती फिलिप्स पद्धतीची फुली असून अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांना तिचे पेटंट १९३६ मध्ये मिळाले. तिच्या खाचांच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला की बिट आपोआप वर सरकून निसटतो. दुसरी फुली पॉझिड्राइव्ह. तिच्या चार पाकळ्यांच्या मधोमध, तिरप्या दिशेला, चार बारीक रेषा कोरलेल्या दिसतात. फर्निचरच्या बिजागऱ्या आणि लाकडी पाट्या जोडण्याच्या स्क्रूंवर ती पुष्कळदा आढळते. तिच्यात फिलिप्सचा बिट शिरतो, पण तळापर्यंत बसत नाही. तिसरी जपानी मानकाची फुली असून जपानी धाटणीच्या मोटारसायकली आणि कॅमेऱ्यांत ती असते. अशा स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो, त्यावरून ती ओळखावी. इंजिनच्या झाकणाचे स्क्रू ‘खराबच होते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्यांवर फिलिप्सचा बिट चालवलेला असतो. बिट मागताना फुलीचा प्रकार आणि क्रमांक दोन्ही सांगावेत: फिलिप्ससाठी पीएच २, पॉझिड्राइव्हसाठी पीझेड २. क्रमांक सारखा असला तरी हे दोन बिट एक नव्हेत.

शेतातील पंपाच्या पेटीत किंवा घरच्या एमसीबीच्या (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या विजेच्या स्विचच्या) टर्मिनलवर जो स्क्रू असतो, त्यात पुष्कळदा फुली आणि चपटी खाच एकत्र असतात. हा स्क्रू चपट्यानेही फिरतो आणि प्लसनेही फिरतो, परंतु यांपैकी कोणत्याही एकाने तो पुरता आवळला जात नाही. सैल राहिलेले टर्मिनल तापते आणि वायरचे आवरण जळते. त्यासाठी फुली व चपटे पाते एकत्र असलेला वेगळा बिट मिळतो. काम सुरू करण्यापूर्वी पुरवठा बंद करावा आणि तो खरोखर बंद झाला आहे की नाही हे टेस्टरने पाहावे. वीज मीटरच्या सीलबंद झाकणाचा स्क्रू दाखवून कोणी बिट मागितल्यास आम्ही तो देत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

सहा टोकांच्या चांदणीला टॉर्क्स म्हणतात. ती १९६७ मध्ये अमेरिकेत विकसित झाली आणि तिच्या खाचेच्या भिंती जवळजवळ सरळ असल्याने बिट वर सरकत नाही. आकार टी या अक्षरापुढच्या आकड्याने सांगतात: टी २० सुमारे ३.९ मिलिमीटर, टी २५ सुमारे ४.५ आणि टी २७ सुमारे ५ मिलिमीटर. टी २५ आणि टी २७ मधला हा अर्धा मिलिमीटर डोळ्यांना फसवतो. एकदा आमच्याकडूनच टी २७ ऐवजी टी २५ दिला गेला आणि ग्राहकाच्या बोल्टचे तोंड गेले, तेव्हापासून आम्ही कॅलिपरने, म्हणजे बारीक माप घेण्याच्या साधनाने, मोजल्याशिवाय चांदणीचा बिट देत नाही. चांदणीच्या मधोमध बारीक खुंटी दिसली तर भोक असलेलाच बिट घ्यावा. खुंटी ठोकून पाडण्याचा सल्ला गल्लोगल्ली मिळतो, पण त्यात खाचही बिघडते.

उरलेले प्रकार ओळखायला सोपे आहेत. लहान उपकरणांच्या खोल भोकात दिसणारी त्रिकोणी खाच, तीन पाती असलेली खाच, डोक्यावरची दोन भोके, आयफोनच्या तळाशी असलेली पाच पाकळ्यांची बारीक खाच, कॅनडात फार चालणारी चौकोनी खाच: या प्रत्येकाला स्वतंत्र बिट लागतो. भोक खोल असेल तर बिटची लांबीही सांगावी, कारण नेहमीचा बिट २५ मिलिमीटरचाच असतो. मोबाइलच्या बारीक बिटांचा दांडा ४ मिलिमीटरचा, तर ड्रिलमध्ये बसणाऱ्यांचा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा असतो.

स्क्रू निघत नसेल आणि वस्तू दुकानात आणणे शक्य नसेल, तर त्याचा ठसा आणावा. खाचेतील माती दाभणाने काढावी, तेलाचे बोट फिरवावे आणि घट्ट मळलेल्या गव्हाच्या कणकेचा गोळा दाबून हलकेच उचलावा. कळण्याचे किंवा ज्वारीचे पीठ येथे कामाचे नाही, ते भुरभुरते. ठसा डबीत ठेवून त्याच दिवशी आणल्यास आकार बराचसा कळतो. मोबाइलवर फोटो काढणार असाल तर तो सरळ वरून काढावा आणि शेजारी फूटपट्टी ठेवावी.

गंजलेल्या स्क्रूवर योग्य बिटही एकदम चालवू नये. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे, बिट खाचेत उभा धरून हातोडीचे दोन-तीन हलके टोले द्यावेत आणि मग हाताने, अंगाचा भार खाली देत फिरवावे. ड्रिल मशीन येथे वापरू नये.

शंभर बिटांची स्वस्त पेटी आम्हीही विकतो, पण मागितल्याखेरीज दाखवत नाही. तिच्यातील धातू मऊ असतो आणि टोके लवकर पिळतात. आपल्या कामाचे पाच-सहा बिट चांगल्या पोलादाचे, एस २ असा शिक्का असलेले, सुटे घेणे अधिक सोयीचे. नेलेला बिट बसला नाही तर न वापरता आठ दिवसांत पावतीसह आणावा, आम्ही बदलून देऊ. टोकावर घासल्याच्या खुणा असलेला बिट मात्र परत घेतला जाणार नाही.