जिथे शिधा, तिथे चर्च: अपाचींमधल्या लुथरन मिशनची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहणाऱ्या मूलनिवासी अपाचींमध्ये लुथरन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं मिशन कसं पोहोचलं, हे सहसा पाद्र्यांच्या धैर्याची कथा म्हणून सांगितलं जातं. धैर्य होतंच. पण चर्च कुठे उभं करायचं आणि कुठून गाशा गुंडाळायचा, हे बहुतेक वेळा सरकारी हुकमांनी ठरलं.

सॅन कार्लोसचा राखीव प्रदेश १८७२चा. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या काळात मूलनिवासींच्या एजन्स्या, म्हणजे त्यांचा कारभार पाहणारी सरकारी कार्यालयं, चर्चसंस्थांना वाटून दिल्या जात. सॅन कार्लोस डच रिफॉर्म्ड चर्चच्या वाट्याला आलं. त्यांच्या शिफारशीवर १८७४ मध्ये आलेला एजंट जॉन क्लम अवघा बावीस वर्षांचा होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत यावापाई, व्हाइट माउंटन अपाची, चिरिकाहुआ अशा एकमेकांशी फारसं सख्य नसलेल्या लोकांना जिला नदीकाठच्या त्या रखरखीत पट्ट्यात आणून कोंबलं गेलं. शिधा एजन्सीतून मोजून मिळे. चिरिकाहुआ लढवय्या जेरोनिमो पुन्हापुन्हा पळाला तो याच जगण्यातून. १८८६ मध्ये त्याने अखेरची शरणागती पत्करली.

त्यानंतर सातच वर्षांनी लुथरन आले. विस्कॉन्सिन सिनड या लुथरन चर्चसंघाचे हे पाद्री जर्मन वळणाचे. पिमा या दुसऱ्या मूलनिवासी लोकांत काम करणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी चार्ल्स कुक यांनी त्यांना अपाचींकडे जायला सुचवलं होतं. १८९३ मध्ये जॉन प्लोकर आणि जॉर्ज अडाशेक पोहोचले. अडाशेक लवकरच परतले. प्लोकर यांनी सॅन कार्लोसच्या राखीव प्रदेशातल्या पेरिडॉटला घर बांधलं, शाळा काढली, पण पत्नीच्या आजारपणामुळे १८९९ मध्ये त्यांनाही जावं लागलं. दरम्यान १८९६ मध्ये पॉल मेयरहॉफ उत्तरेला, फोर्ट अपाचीच्या छावणीजवळ ईस्ट फोर्कला आले होते.

मिशनने खरी मुळं धरली ती १९११ मध्ये एडगर आणि मिनी गुंथर हे दांपत्य ईस्ट फोर्कला आल्यावर. जुळं मूल अशुभ मानलं जाई, म्हणून टाकून दिलेलं एक बाळ त्यांनी घरात घेतलं आणि त्यातून अनाथालय उभं राहिलं. १९१८च्या इन्फ्लुएन्झात गुंथर आजाऱ्यांच्या झोपड्यांपर्यंत पोहोचले. अल्चेसे हे वजनदार प्रमुख आणि एकेकाळचे लष्करी स्काउट त्यांचे मित्र झाले. १९२२ मध्ये व्हाइटरिव्हरचं चर्च खुलं झालं, तेव्हा अल्चेसे यांनीही बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते प्रवचनांपेक्षा या आजारपणातल्या येण्याजाण्याचा वाटा मोठा होता.

मात्र सगळं मिशनच्या मनासारखं झालं नाही. गुंथर यांचे दुभाषे सायलस जॉन एडवर्ड्स यांना १९०४ मध्ये स्वप्नदृष्टान्तात ६२ प्रार्थना मिळाल्या होत्या, आणि त्या लिहून ठेवायला स्वतंत्र चिन्हंसुद्धा. ही लिपी इंग्रजीवरून उचललेली नव्हती; प्रार्थना म्हणताना कोणती कृती करायची, हेही तिच्यात नोंदता येई. १९२०च्या आसपास त्यांच्यामागे मोठा अनुयायीवर्ग होता. पाद्र्यांचा उपदेश अपाचीत पोहोचवणाऱ्या माणसानेच लोकांना वेगळी वाट दिली!

दक्षिणेत, सॅन कार्लोसला, वेगळंच संकट आलं. वरच्या अंगाच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी जिलाचं पाणी वळवल्याने खालची पिमांची शेतं सुकत होती. त्यावर उपाय म्हणून कूलिज धरण बांधलं गेलं, आणि बुडालं मात्र अपाचींचं गाव, जुनं सॅन कार्लोस. पूर्वजांच्या कबरी उकरायला लोकांनी नकार दिला, तेव्हा मुख्य दफनभूमीवर काँक्रीटचा थर ओतून तडजोड झाली. मार्च १९३० मध्ये धरणाचं लोकार्पण झालं. एजन्सी राइस या ठिकाणी हलली, सॅन कार्लोस हे नावही सोबत गेलं. १९१९ मध्ये आलेले लुथरन मिशनरी फ्रान्सिस अपलेगर त्या भागात अपाची शब्दकोशासाठी पुढेही शब्द जमवत राहिले. पेरिडॉट जलाशयाच्या वर असल्याने वाचलं. तिथे लुथरन शाळा आजही भरते.