कार्पेट आणि बिल्टअप : नऊशे फुटांचं घर बाराशे अडुसष्टचं कसं होतं

सांगलीत दोन गुंठ्यांवर घर बांधायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा होता, ९००. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, देवघराचा कोनाडा. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जुन्या भाड्याच्या घरावरून अंदाज बांधला होता आणि तो बरोबरही होता. ठेकेदारानं मटेरियलसकट दर सांगितला. हिशेबाला सोपा जावा म्हणून इथे तो २००० रुपये फूट धरते. ९०० गुणिले २००० म्हणजे १८ लाख. वरखर्चाला दोन धरले आणि २० लाखांत घर बसतंय म्हणून आम्ही निर्धास्त झालो.

स्लॅब पडला, सेंट्रिंग निघालं, आणि एका रविवारी ठेकेदार टेप घेऊन आला. एक टोक पोरानं धरलं, दुसरं त्यानं. बाहेरून माप, पोर्चचं माप, जिन्याचं माप. वहीत आकडा लिहिला १२६८. मी म्हटलं, घर तर नऊशेचं ठरलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, आम्ही स्लॅब मोजतो. आतल्या खोल्या न्हाई मोजत."

१२६८ गुणिले २००० म्हणजे २५,३६,०००. आमच्या वीस लाखांच्या अंदाजाच्या पाच लाख छत्तीस हजार पुढे.

तो माणूस खोटं बोलला नव्हता, हे मला नंतर नीट कळलं. त्याच्या धंद्यात फूट म्हणजे स्लॅबचा फूट, आणि आमच्या घरात फूट म्हणजे फरशीचा फूट. दोघंही 'फूट' म्हणत होतो, पण कसला फूट ते कुणीच विचारलं नाही. नवं घर काढणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच सांगावंसं वाटतं, की आकड्याच्या आधी त्याच्यापुढचा शब्द नक्की करा. कार्पेट की बिल्टअप?

कार्पेट म्हणजे जिथे सतरंजी अंथरता येते ती जागा, भिंतीच्या आतल्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत. बिल्टअप म्हणजे बांधकाम क्षेत्र. घराच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, भिंतींच्या जाडीसकट. इथवर सोपं आहे. गोंधळ पुढे सुरू होतो, कारण या दोन्हींच्या व्याख्या माणसागणिक थोड्या सरकतात.

फ्लॅट घेताना कायद्यानं कार्पेटच सांगावा लागतो. २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डरांच्या घरविक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा, कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती धरत नाही, बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्चीही धरत नाही, पण आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जाडी मात्र धरतो. म्हणजे रेराचा कार्पेटसुद्धा सतरंजीपेक्षा थोडा मोठाच असतो. सुपर बिल्टअप हा तिसरा प्रकार फ्लॅटचा, त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा मिसळतात. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

मराठी कागदपत्रांत तर आणखी एक गुंता आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कार्पेट एरियाला मराठीत 'चटई क्षेत्र' म्हणतात. आणि एफएसआयला, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते सांगणाऱ्या आकड्याला, म्हणतात 'चटई क्षेत्र निर्देशांक'. साध्या माणसाला वाटणार की हा निर्देशांक कार्पेटवर लागतो. तसं नाही. तिथलं चटई क्षेत्र म्हणजे बांधकाम क्षेत्र. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत बांधकामाच्या बाहेरच्या रेषेच्या आतलं सगळं त्यात मोजतात, भिंतींची जाडी आणि बाल्कनीसुद्धा. म्हणजे एकच 'चटई' दोन कागदांवर दोन मापांची. परवानगीच्या नकाशावर चटई क्षेत्र वाचून "एवढी जागा राहायला मिळणार" असं समजलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

आता आमच्याच घराचा हिशेब मांडते. घर बाहेरून ३० बाय ३४, म्हणजे १०२० चौरस फूट. हा झाला बिल्टअप. बाहेरच्या भिंती नऊ इंची. दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ इंच वजा केले की आत राहतात साडेअठ्ठावीस बाय साडेबत्तीस, म्हणजे ९२६. भिंतींनीच ९४ फूट खाल्ले, एका छोट्या खोलीएवढे. आतल्या साडेचार इंची भिंती सगळ्या मिळून ७५ फूट लांबीच्या, त्यांचे २८ फूट गेले. उरले ८९८. हेच ते आईंचे नऊशे.

बाहेरून गच्चीवर जाणारा जिना ७ बाय १४, म्हणजे ९८. पोर्च १० बाय १५, म्हणजे १५०. १०२० मध्ये हे दोन्ही मिळवले की ठेकेदाराचे १२६८ झाले. तिन्ही आकडे खरे, तिन्ही एकाच घराचे. पण २५,३६,००० ला ८९८ नं भागलं, तर राहायच्या जागेचा दर फुटाला २८२४ रुपये पडतो, २००० नाही. घर काढताना मनात धरायचा दर हा २८२४ चा.

मग १२६८ निमूट मान्य करायचे का? मला वाटतं, नाही. पोर्चला चार भिंती नाहीत, दारं-खिडक्या नाहीत, नळ नाही, वायरिंग एका दिव्यापुरतं. त्याला स्वयंपाकघराचा दर लावणं रास्त नाही. पोर्च निम्म्यानं धरा, असं आधी म्हटलं तर बरेच ठेकेदार ऐकतात. आमच्या मापात नुसत्या पोर्चनं ७५ फूट, म्हणजे दीड लाखाचा फरक पडला असता. जिन्याच्या बाबतीत मात्र मी ठेकेदाराच्या बाजूनं आहे. पायऱ्यांचं सेंट्रिंग किचकट असतं, सळई बरीच लागते, गवंड्याचे दिवस जातात. जिना पूर्ण धरला तर तक्रार करू नये. खिडक्यांवरच्या छज्ज्यांचं मात्र आधी विचारून घ्यावं. कुणी मोजतात, कुणी मोजत नाहीत.

बिल्टअप तोच ठेवून कार्पेट वाढवायचा एकच मार्ग आहे, भिंत बारीक करणं. साताऱ्याकडची जुनी दगडी घरं आठवून बघा. दोन फुटी भिंती, खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसता यायचं. आमचं ३० बाय ३४ तसं बांधलं असतं तर आत फक्त ७८० फूट मिळाले असते. आता आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्यात वजन कॉलम पेलतात, भिंतीला फक्त आडोसा करायचा असतो. म्हणून बाहेरची भिंत सहा इंची ब्लॉकची केली तर आत ९५७ मिळतात, नऊ इंचीपेक्षा ३१ जास्त. पण एप्रिल-मे मधलं सांगलीचं ऊन ज्यानं भोगलंय त्यानं पश्चिमेची भिंत तरी नऊ इंची ठेवावी. ते थोडे फूट गेलेले परवडतात. दुपारी चारनंतर त्या भिंतीला हात लावून बघितला की पटतं.

खोलीच्या मापातही हीच गफलत होते. चुन्यानं आखणी झाली त्या दिवशी आम्ही सगळे प्लॉटवर गेलो होतो. आईंनी चप्पल बाजूला काढून रेघांच्या आत चालून बघितलं, "इथं माझी खाट, इथं कपाट." बेडरूम नकाशावर १० बाय १२. कपाट दोन फूट खोल, पलंग डोक्याच्या फळीसकट साडेसहा फूट. दहा फुटांतून साडेआठ गेले, दीड फूट मोकळा. कपाटाचं दार दीड फुटी, म्हणजे बरोबर उघडणार.

पण ते दहा फूट भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे होते. गवंडी आणि सेंट्रिंगवाले सेंटर लाइननंच काम करतात, त्यांना तेच सोयीचं. बाहेरच्या नऊ इंची भिंतीचे साडेचार इंच आत आले, आतल्या भिंतीचे सव्वादोन. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच गिलावा. खोली राहिली नऊ फूट सव्वाचार इंच. पलंग आणि कपाट यांच्यात उरले जेमतेम दहा इंच. दार पलंगावर आपटायला लागलं, शेवटी सुतारानं सरकत्या दारांचं कपाट केलं आणि त्याचे जास्तीचे पैसे वेगळे गेले. नकाशा हातात आला की इंजिनिअरला एक प्रश्न विचाराच, "हे माप आतलं की सेंटरचं?" आणि पलंग, कपाट, फ्रिज, गॅसचा ओटा हे सगळं त्याच मापानं नकाशावर काढून मागा.

कार्पेटमध्येही सगळी जागा कामाची नसते. साडेतीन फूट रुंद आणि सोळा फूट लांब पॅसेज म्हणजे ५६ फूट. तो कार्पेटमध्ये येतो, स्लॅबमध्येही येतो, २००० नं १ लाख १२ हजार होतात, आणि त्यात फक्त चालायचं. आमच्या पहिल्या नकाशात असाच पॅसेज होता. दोन्ही बेडरूमची दारं हॉलच्या एका कोपऱ्यात आणली तेव्हा तो गेला आणि त्या जागेत देवघर नीट बसलं. आईंचा आग्रह होता म्हणून ते झालं, नाहीतर आम्ही पॅसेजच ठेवला असता.

आता सांगलीकरांसाठी थोडं वेगळं. कार्पेट काय आणि बिल्टअप काय, दोन्हीत उंची नसते, आणि इथे उंचीला पैसे पडतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात, शामरावनगरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना जोतं उंच कशाला हे सांगावं लागत नाही. पण फुटावरच्या दरात जोतं ठरावीक उंचीपर्यंतच धरलेलं असतं, बहुतेकदा दोन फूट. तुम्ही चार फूट म्हणालात तर वरचे दोन फूट जादा काम. आमच्या घराच्या ९२६ फूट आतल्या जागेत दोन फूट जास्त भर म्हणजे १८५२ घनफूट, साडेअठरा ब्रास मुरूम (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि धुमस करून, म्हणजे ठोकून, बसवताना तो आणखी लागतो. वर जोत्याच्या भिंती आणि पायऱ्या वाढतात. पायाचंही तसंच. इथल्या काळ्या मातीत पाया किती खाली जाईल ते खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया टेकवून चालत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. म्हणून फुटाच्या दरात किती खोल पाया आणि किती उंच जोतं धरलंय, हे दोन आकडे वेगळे लिहून घ्या. जोतं कमी करून पैसे वाचवू नका, हे हात जोडून सांगते. फरशी स्वस्तातली घ्या, रंग पुढच्या वर्षी काढा. जोतं नंतर उंच करता येत नाही.

कुठे कोणता आकडा चालतो ते पटकन सांगते. ठेकेदाराचं बिल स्लॅबवर. परवानगी बांधकाम क्षेत्रावर, पण स्टिल्टचं, म्हणजे खांबांवर उचललेल्या घराखालचं, पार्किंग त्यात धरत नाहीत, म्हणून पुराच्या भागात घर वर उचलून खाली गाडी लावणाऱ्याचा एफएसआय जात नाही, ठेकेदाराचे पैसे मात्र जातात. फरशी कार्पेटवर, तुटफुटीला शंभरात पाच-सात फूट जादा. रंग भिंतीच्या मापावर, त्याचा या दोघांशीही संबंध नाही. सिमेंटचा आडाखा फुटाला ०.४ पोतं आणि सळईचा चार किलोपर्यंत, तो बिल्टअपचा आहे. कार्पेटवर लावलात तर सिमेंट कमी पडलं असं वाटून उगीच ठेकेदारावर संशय घ्याल.

आमच्यानंतर दोन वर्षांनी धाकट्या दिरांनी तासगावला घर काढलं. स्टँपपेपरवर करार करायच्या आदल्या रात्री ते माझ्याकडे आले, वही उघडून बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा काय लिहायचं." मी लिहून दिलं, ते असं : 'मोजमाप घराच्या बाहेरच्या कडेपासून धरले जाईल. जिना पूर्ण, पोर्च निम्मा, छज्जे धरले जाणार नाहीत. पाया जमिनीखाली पाच फूट आणि जोते तीन फूट दरात समाविष्ट, त्यापुढील काम घनफुटावर. नकाशातील खोल्यांची मापे गिलावा झाल्यावरची आतली मापे समजावीत.' ठेकेदारानं वाचलं, छज्ज्यांवर थोडा अडला, मग त्याला म्हटलं की छज्जे धरा पण पाव हिश्श्यानं. त्यावर त्यानं सही केली. स्लॅब झाल्यावर टेप धरायला दीर स्वतः उभे होते, आणि वहीत जो आकडा आला तो त्यांना आठ महिने आधीच माहीत होता.