एकट्याचा व्यायाम आणि निवळणारे मन : पार्श्वभूमी

एकटे धावायला किंवा पोहायला जाणाऱ्यांना कारण विचारले, तर आधी वजन आणि रक्तदाब निघतो. जरा मोकळेपणी बोलू लागले की सांगतात, डोके शांत होते म्हणून जातो. ही ओढ आधुनिक ताणतणावातून आली, असा समज आहे. तो खरा नाही. हृदयाच्या आरोग्याची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी शतके आधीपासून माणसे मन ठिकाणावर आणण्यासाठी एकटी चालत आली आहेत.

याचे सर्वांत शिस्तशीर रूप बौद्ध परंपरेत दिसते. भिक्खूंच्या साधनेत बसून करायच्या ध्यानाबरोबर चंक्रमणही होते. ठरलेल्या छोट्या पट्ट्यावर चालायचे, टोकाला वळायचे आणि परत यायचे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात याचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबच्या प्रवासाची ताकद येते, साधनेचे कष्ट झेपतात, प्रकृती चांगली राहते, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पचन आणि एकाग्रता एकाच यादीत, शेजारी शेजारी! शरीर वेगळे, मन वेगळे अशी वाटणी त्या यादीत नाही, आणि मला तेच फार मोलाचे वाटते.

युरोपात अठराव्या शतकात तत्त्वचिंतक रूसोने एकट्याच्या भटकंतीला लेखनाचा विषय केले. चालतानाच मला चिंतन करता येते, पाय थांबले की विचारही थांबतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दने १८४७ साली आपल्या आजारी भावजयीला पत्रातून विनवले, की काहीही झाले तरी चालण्याची इच्छा सोडू नकोस. आपले उत्तमोत्तम विचार आपल्याला चालतानाच सुचले, हेही त्याने तिला कळवले.

चार्ल्स डार्विनची तऱ्हा याहून बोलकी आहे. लंडनजवळच्या डाउन गावी त्याने घरामागची जमिनीची एक पट्टी भाड्याने घेतली, झाडे लावली आणि तिच्या कडेने वाळूची पायवाट केली. रोज त्याच वाटेवर त्याच फेऱ्या. वळणावर गारगोटीच्या तुकड्यांची छोटी रास असे आणि फेरी झाली की तो एक तुकडा पायाने बाजूला सारी. फेऱ्यांचा हिशेबही पायांकडेच सोपवलेला, डोके मोकळे. नवे काही दिसावे म्हणून तो तिथे जात नव्हता. भिक्खूंच्या पट्ट्यासारखीच ही वाटही मुद्दाम एकसुरी होती.

विसाव्या शतकात गाडी वेगळ्याच रुळावरून आली. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सामान्य माणसांना संथ धावायला लावले, ते हृदयासाठी. अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ते तिथे पाहिले आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञासोबत जॉगिंगवर पुस्तक काढले. लोक हृदयासाठी धावू लागले आणि मनाला बरे वाटते असे सांगू लागले.

मग कारणाचा शोध सुरू झाला. १९७५ मध्ये मेंदूत तयार होणाऱ्या अफूसदृश रसायनांचा शोध जाहीर झाला आणि ‘एंडॉर्फिन’ हे उत्तर सर्वतोमुखी झाले. ते अपुरे निघाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६३ जणांना धावायला लावले. त्यांतल्या काहींमध्ये या रसायनांचा परिणाम औषधाने रोखला, तरीही धावल्यावर त्यांची चिंता कमी झाली आणि मन प्रसन्न झाले. आता संशोधकांचे लक्ष शरीरातच तयार होणाऱ्या, गांजातील घटकासारख्या द्रव्यांकडे वळले आहे. २०१४च्या स्टॅनफर्डच्या प्रयोगांत तर कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसलेल्यांपेक्षा अधिक कल्पना सुचल्या.

या इतिहासातला एक बदल मात्र मला काळजीत टाकतो. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि एकट्या धावणाऱ्याच्या कानात सतत आवाज भरू लागला. २००९ मध्ये धावण्याच्या नोंदी ठेवून त्या इतरांना दाखवणारे स्ट्राव्हा हे अ‍ॅप आले आणि त्याची प्रत्येक फेरी इतरांच्या फेऱ्यांशेजारी मांडली जाऊ लागली. शिस्त लागायला याची मदत होते, हे मान्य. पण ज्या एकांतासाठी रूसो घराबाहेर पडत असे, तो यात उरत नाही. शरीर एकटे धावते आणि मन गर्दीतच राहते.