कुंभार, वारूळ आणि कोळी

धर्माच्या तत्त्वज्ञानावरचं नवं पुस्तक हाती पडलं की मी आधी शेवटची पानं उलटतो. सूचीत इंग्रज धर्मपंडित विल्यम पेली असतोच. माळावर घड्याळ सापडलं तर त्याचा घडवणारा मानावा लागतो, मग जगाचा का नको, हा त्याचा १८०२ सालचा युक्तिवाद. ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करू पाहणारे आपले उदयनाचार्य मात्र क्वचितच भेटतात.

आपल्याकडे हा वाद मडक्यावरून झाला, आणि पेलीच्या हजारेक वर्षं आधीच तो पेटला होता. मराठीत ज्यांच्या ‘घटापटाच्या खटपटी’ची चेष्टा होते त्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, म्हणणं असं: मडकं हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता आहे. पृथ्वी, कोंब हीसुद्धा कार्यंच. मग त्यांनाही कर्ता हवा, आणि तो ईश्वर.

सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने यावर ‘प्रमाणवार्तिका’त एका श्लोकात वार केला. मडकं मातीचं आहे आणि ते कुंभाराने केलं, एवढ्यावर भागत असेल, तर वारूळही मातीचंच. तेही कुंभारानेच केलं म्हणा! मडकी घडवताना आपण कुंभाराला पाहिलेलं असतं. डोंगर घडवताना कोणाला पाहिलं? ‘कार्य’ हा शब्द दोन्हीकडे सारखा लागला म्हणून वस्तू सारख्या होत नाहीत.

मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली ती अशा आक्षेपांना उत्तर म्हणून. त्यांची एक दंतकथा पंडित अजून रंगवून सांगतात. जगन्नाथपुरीला गेले तर देवळाचं दार बंद. आचार्य भडकले आणि देवालाच म्हणाले, आज ऐश्वर्याने माजला आहेस, पण बौद्ध समोर आले की तुझं असणं माझ्याच हाती असतं!

विक्रमशिला या बौद्ध विहारातल्या रत्नकीर्तीने अकराव्या शतकात ईश्वरसिद्धीचं पुन्हा सविस्तर खंडन केलं. पुढे विहार उद्ध्वस्त झाले. नैयायिकांच्या पाठशाळा चालू राहिल्या; बौद्धांची बाजू इथे उरली ती मुख्यतः प्रतिपक्षाच्या ग्रंथांतल्या उताऱ्यांपुरती. खटल्यात एकाच वकिलाचे कागद शिल्लक राहावेत, तसं. ‘प्रमाणवार्तिक’ तिबेटी भाषांतरात टिकलं होतं. १९३०च्या दशकात राहुल सांकृत्यायन पुन्हा पुन्हा तिबेटात गेले, मठांतल्या ताडपत्री पोथ्या हाताने उतरवून घेतल्या, काहींचे फोटो काढून आणले. त्यांतून मूळ संस्कृत वारूळ परत आलं. त्याच साहित्यातून अनंतलाल ठाकुर यांनी संपादित केलेले रत्नकीर्तीचे निबंध १९५७ साली पाटण्यात छापले गेले. त्यांवर परिमल पाटील यांचं ‘अगेन्स्ट अ हिंदू गॉड’ हे पुस्तक २००९ साली निघालं. नाव जरा भडक आहे, आतला मजकूर चिवट तर्काचा.

आणि स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम? घड्याळाचा हा तर्क त्याने पेलीच्या आधीच खिळखिळा केला होता. त्याचा संवादग्रंथ छापायला त्याचा मित्र ॲडम स्मिथसुद्धा कचरला; ह्यूमच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७७९ साली, पुतण्याने तो छापवला. त्यात फायलो नावाचं पात्र म्हणतं, ब्राह्मणांच्या मते हे जग एका अनंत कोळ्याने आपल्या पोटातून विणलं. मुंडकोपनिषदातला हा ऊर्णनाभी, स्कॉटलंडपर्यंत पोचलेला! आपल्याला हे हास्यास्पद वाटतं, कारण कोळी क्षुद्र प्राणी, असं फायलो म्हणतो; पण एखाद्या ग्रहावर सगळे कोळीच राहत असते, तर तिथे हे मत अगदी स्वाभाविक वाटलं असतं.